‘बॉम्बे’ म्हणजे नेमकं कुठे? उपनगरातल्या बेडूक-पालींच्या नावांचा इतिहास

राओर्केस्टेस बॉम्बेएन्सिस. बोटाच्या पेराएवढा, झुडपांवर राहणारा एक बेडूक. इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव ‘बॉम्बे बुश फ्रॉग’. आता सांगा, ज्या नमुन्यावरून या जातीला नाव मिळालं, तो नमुना कुठला असेल? बोरिवलीचा? मुलुंडच्या डोंगरातला? पवईच्या काठचा?

उत्तर आहे, कॅसल रॉक. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोव्याच्या सरहद्दीला लागून असलेलं रेल्वे स्टेशन. मुंबईपासून सरळ रेषेत मोजलं तरी चारशे किलोमीटरहून लांब.

आता दुसरं टोक बघा. गोरेगावच्या आरे कॉलनीत पालापाचोळ्यात, जमिनीवर राहणारी एक छोटी पाल आहे. भिंतीवर चढणारी नव्हे, जमिनीवर फिरणारी. ही पाल २०१६ पर्यंत ज्या नावाखाली गणली जायची ते नाव होतं ‘कोलेगालेन्सिस’, म्हणजे कर्नाटकातल्या कोल्लेगालची. थोडक्यात, मुंबईचं नाव लावलेला बेडूक कर्नाटकातला आणि मुंबईत राहणाऱ्या पालीला नाव कर्नाटकातल्या गावाचं!

ही गंमत म्हणून सोडून देता येईल. पण तुम्ही प्राणिशास्त्रात, पर्यावरणात किंवा स्थानिक इतिहासात संशोधन करायच्या तयारीत असाल, तर यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. प्राण्याचं नाव आणि प्राण्याचं गाव या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्हींना आपापला इतिहास आहे. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला की आपण तयार करतो त्या याद्या, नकाशे आणि अहवाल चुकायला लागतात. उपनगरांसारख्या ठिकाणी, जिथे एकेका टेकडीवरून वाद चालू असतो, तिथे अशी चूक महागात पडते.

आधी दोन शब्द समजून घेऊ

नवी जात जाहीर करताना शास्त्रज्ञ एखादा प्रत्यक्ष नमुना पुढे ठेवतो. त्याला म्हणतात ‘होलोटाइप’. तो नमुना संग्रहालयात जपून ठेवलेला असतो आणि त्या जातीचं नाव कायमचं त्या नमुन्याला बांधलेलं असतं. जुन्या काळी एकाऐवजी अनेक नमुने मिळूनही असं काम करायचे. तो नमुना जिथे मिळाला ते ठिकाण म्हणजे ‘टाइप लोकॅलिटी’. नमुन्याच्या पायाला किंवा बरणीला एक चिठ्ठी असते. तिच्यावर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव असतं. निदान असायला हवं.

दुसरी गोष्ट, एकदा नियमाप्रमाणे दिलेलं नाव भूगोलाच्या दृष्टीने विचित्र वाटलं म्हणून बदलता येत नाही. आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण संहिता तसं स्पष्टच सांगते. नाव समर्पक नाही एवढ्या कारणावरून ते रद्द होत नाही. त्यामुळे ‘बॉम्बेएन्सिस’ हा शब्द वाचून ‘मुंबईचा’ असं भाषांतर करायचा मोह टाळायचा. ते नाव आहे, पत्ता नव्हे.

इलाखा, घाट आणि मोडलेलं राज्य

कॅसल रॉकच्या बेडकाला नाव दिलं नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी, १९१९ मध्ये. अ‍ॅनन्डेल हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. संस्था १९१६ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली होती. ज्या लेखात हा बेडूक आला, तो होता मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांमधल्या बेडकांवर. लेखाच्या शीर्षकातच ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ आहे. कलकत्त्यात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ‘बॉम्बे’ हा एक प्रांत होता. सिंधपासून उत्तर कानड्यापर्यंत पसरलेला.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. उत्तर कानडा जिल्हा आधी मद्रास इलाख्यात होता. तो मुंबईला जोडला गेला १८६२ मध्ये. म्हणजे हाच बेडूक, याच झुडपावर, सत्तर वर्षं आधी कुणाला सापडला असता तर त्याच्या नावात बहुधा ‘बॉम्बे’ आलंच नसतं. बेडूक जागचा हलला नाही, रेषा हलल्या.

दुसरं उदाहरण आणखी मजेदार आहे. देवगांडूळ तुम्हाला माहीत असेल. दिसायला गांडुळासारखा, पण खरं तर बेडकाच्या वर्गातला, म्हणजे उभयचर, बिनपायाचा प्राणी. त्याच्या एका जातीचं नाव आहे इक्थिऑफिस बॉम्बेएन्सिस. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले एडवर्ड टेलर यांनी ते १९६० मध्ये दिलं. टाइप लोकॅलिटी? डांगमधलं वघई. टेलर यांच्या दृष्टीने ते मुंबई प्रांतात होतं, आणि कागदोपत्री ते बरोबरही होतं. फक्त त्याच वर्षी १ मे रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि डांग गुजरातेत गेलं! नाव मात्र राहिलं ते राहिलंच.

पुढे २००७ मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने पश्चिम घाटातल्या अंगावर पट्टे नसलेल्या अशा देवगांडुळांचं जनुकीय काम केलं. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे १,५०० किलोमीटरच्या पट्ट्यात हे प्राणी आश्चर्य वाटावं इतके एकसारखे निघाले. म्हणजे ज्याच्या नावात एका शहराचा भास होतो, तो प्राणी जवळजवळ अख्ख्या पश्चिम घाटाचा रहिवासी ठरला.

तिसरं उदाहरण सापाचं. खापरखवल्या नावाचे मातीत बिळं करून राहणारे बिनविषारी साप असतात. शेपटीचं टोक तिरकं छाटल्यासारखं, त्यावर खरबरीत ढाल. त्यातल्या एका जातीला जॉर्ज मेसन यांनी १८८८ मध्ये हर्बर्ट फिप्सन यांचं नाव दिलं. फिप्सन मुंबईचे मद्यव्यापारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीच्या काळातले मानद सचिव. फोर्ब्स स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानाच्या जागेतच सोसायटीचं सुरुवातीचं सामान राहायचं. या सापाचं मूळ ठिकाण नोंदलंय ‘बॉम्बे घाट्स’. आता तुम्हीच सांगा, हा घाट कुठला? बोरघाट? थळघाट? माळशेज? या चिठ्ठीवरून एखादं गाव तर सोडाच, तालुकासुद्धा ठरवता येत नाही.

म्हणजे जुन्या कागदांतल्या ‘बॉम्बे’चे निदान तीन अर्थ आपल्यासमोर आले. एक, इलाखा. दोन, नंतर मोडलेलं राज्य. तीन, ‘तिकडचा कुठला तरी डोंगर’. आणि चौथाही एक संभवतो, तो विसरू नका: ज्या बंदरातून पेटी जहाजावर चढली ते बंदर, किंवा पाठवणाऱ्या साहेबाचा पत्ता. जुन्या संग्रहांत गोळा केल्याचं ठिकाण आणि पाठवल्याचं ठिकाण यांची सरमिसळ ही नेहमीची डोकेदुखी आहे.

उलट बाजू: इथले प्राणी, परगावची नावं

आता आरेच्या पालीकडे येऊ. कर्नल बेडोम यांनी १८७० मध्ये दक्षिणेतल्या एका पालीला ‘कोलेगालेन्सिस’ हे नाव दिलं. कोल्लेगाल आज कर्नाटकात, चामराजनगर जिल्ह्यात आहे. तेव्हा ते मद्रास इलाख्यातल्या कोइमतूर जिल्ह्यात होतं. पुढे पश्चिम भारतात तशा दिसणाऱ्या पाली सापडत गेल्या आणि त्याच नावाच्या पोत्यात जात राहिल्या. दिसतात तशाच, मग त्याच असतील, हा हिशोब.

आरेत झीशान मिर्झा, राजेश सानप या तरुण अभ्यासकांनी बरंच काम केलं. २०१० च्या सुमारास त्यांनी इथल्या छोट्या प्राण्यांची नीट नोंद घ्यायला सुरुवात केली. त्यातूनच एका विंचवाला तर थेट ‘आरेएन्सिस’ असं नाव मिळालं. त्या पालीबद्दलची शंकाही त्याच सुमारास छापून आली. मग खवल्यांची मोजणी, शरीराची मापं आणि डीएनए अशा तिन्ही बाजूंनी तपासणी झाली. २०१६ मध्ये इशान अगरवाल, मिर्झा आणि सहकाऱ्यांनी ती वेगळी जात असल्याचं जाहीर केलं: सर्टोडॅक्टिलस वरदगिरी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत अनेक वर्षं काम केलेले सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांच्या नावावरून.

असंच हरणटोळ सापाचं झालं. हिरवागार, टोकदार तोंडाचा, चाबकासारखा हा साप उपनगरात सर्पमित्रांना नेहमी भेटतो. जुन्या प्रत्येक यादीत त्याचं नाव ‘अहेतुल्ला नासूटा’ असंच सापडेल. २०२० मध्ये या सापांचा सविस्तर जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार खरी ‘नासूटा’ फक्त श्रीलंकेतली. आपल्याकडच्या हरणटोळांची वेगवेगळ्या जातींत विभागणी झाली, आणि उत्तर पश्चिम घाटातल्या जातीला नाव मिळालं ‘बोरिआलिस’, म्हणजे उत्तरेकडची.

ओढ्याकाठी राहणाऱ्या, पाठीवर तांबूस पट्टा असलेल्या एका बेडकाचंही तेच. वर्षानुवर्षं तो ‘मलबारिकस’ होता. २०१५ मध्ये आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उत्तर पश्चिम घाटातला आणि द्वीपकल्पाच्या इतर काही भागांतला बेडूक मलबारच्या बेडकाहून वेगळा आहे. त्यांनी त्याला दिलेलं नाव मला फार आवडतं: हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार. लॅटिनच्या गर्दीत एक सरळ संस्कृत शब्द.

आणि हे राहूनच जायला नको. अ‍ॅनन्डेल यांच्या त्याच १९१९ च्या लेखात आणखी एक छोटा बेडूक होता. त्याला त्यांनी नाव दिलं ‘स्याड्रेन्सिस’, सह्याद्रीवरून. आज त्याला मिनर्वारिया म्हणतात. पहिला पाऊस पडला की बोरिवली, मुलुंडच्या डबक्यांतून, गवतातून रात्रभर जो किरकिराट ऐकू येतो, त्यातला मोठा हिस्सा या बेडकांचा. एकाच लेखात दोन बेडूक. ज्याला मुंबईचं नाव मिळालं तो कॅसल रॉकचा. आणि मुंबईच्या डबक्यात जो खरोखर ओरडतो, त्याला नाव मिळालं डोंगररांगेचं.

दगडातली चिठ्ठी

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, जुन्या नोंदी सगळ्याच कच्च्या. तसं नाही. मुंबईतल्या सर्वांत जुन्या बेडकाची चिठ्ठी उत्तम आहे, कारण ती दगडात आहे.

डेक्कनचा लाव्हा थरावर थर वाहत होता तेव्हा दोन उद्रेकांच्या मध्ये शांततेचे काळ आले. त्या काळात तळी साचली, गाळ बसला. अशा थरांना ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात, दोन लाव्हांच्या मधले. वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना ‘राना पुसिला’ हे नाव दिलं. हेच ते ओवेन, ज्यांनी ‘डायनासोर’ हा शब्द तयार केला. पुढे १९३० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ नोबल यांनी हा बेडूक ‘राना’ नव्हेच असं म्हणून त्याच्यासाठी नवी प्रजाती केली: इंडोबॅट्राकस. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं.

त्याच थरांतून कासवंही आली. हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लिहिताना एका जीवाश्म कासवाला डॉ. लीथ यांचं नाव दिलं. लीथ मुंबईतले डॉक्टर. शहराच्या आरोग्यस्थितीवर १८६४ मध्ये अहवाल लिहिणारे ते हेच. त्यांचं नाव माथेरानवरून वर्णन झालेल्या एका बेडकालाही आहे आणि पुण्याहून वर्णन झालेल्या मऊ पाठीच्या कासवालाही. एकोणिसाव्या शतकातला गटारं, साथी आणि मृत्युदर तपासणारा डॉक्टर सुट्टीत कासवं आणि बेडूक जमवत होता, हे त्या काळाचं एक चित्र आहे.

उपनगराच्या वाट्याचं कासव आलं बरंच उशिरा. जोगेश्वरी-अंधेरीच्या आंबोली खाणीतल्या इंटरट्रॅपियन थरातून मिळालेल्या कासवाला २००३ मध्ये ‘सँकुचेमिस सेठनाय’ हे नाव मिळालं. मुंबईच्या भूशास्त्राचे अभ्यासक प्रा. एस. एफ. सेठना यांच्यावरून. मान आत न घेता बाजूला वळवणाऱ्या कासवांपैकी हे एक. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे काळे खांब तुम्ही पाहिले असतील. तो लाव्हा आणि हे कासव एकाच मोठ्या गोष्टीतले.

पण थांबा, इथेही एक खड्डा आहे. ‘आंबोली’ म्हटलं की सरीसृप-उभयचरांच्या अभ्यासकाला आधी आठवते सिंधुदुर्गातली आंबोली. २००९ मध्ये जाहीर झालेली, अंगावर वाघासारखे पट्टे असलेली भेकाची जात तिथली. तर नुसतं ‘आंबोली, महाराष्ट्र’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी तुमच्या हाती आली तर? एक आंबोली लोकलच्या खिडकीतून हाकेच्या अंतरावर, दुसरी घाटमाथ्यावर. गोरेगाव मुंबईत आहे आणि रायगडातल्या माणगाव तालुक्यातही आहे. खंडाळा पुणे जिल्ह्यात आहे आणि सातारा जिल्ह्यातही. साष्टी म्हणजे मुंबईची साष्टी की गोव्याची साष्टी? इंग्रजी नोंदींत दोन्हींसाठी जवळजवळ एकच स्पेलिंग सापडतं.

मुंबई स्वतःच सरकत आली

उपनगरांवर काम करणाऱ्याने आणखी एक हिशोब डोक्यात ठेवायचा. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे’ म्हणजे शहर म्हटलं, तरी त्यात बोरिवली नव्हती, मुलुंड नव्हतं, अंधेरी-घाटकोपरही नव्हतं. ही सगळी गावं साष्टी बेटावरची, ठाणे जिल्ह्यातली. मुंबई उपनगर जिल्हा तयार झाला १९२० मध्ये. अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईत आले १९५० मध्ये. बोरिवली-दहिसर आणि मुलुंड आले १९५७ मध्ये.

याचा अर्थ कळला का? १८८८ मधल्या कुणी कान्हेरीच्या लेण्यांत साप पकडला असेल, तर त्याच्या चिठ्ठीवर ‘बॉम्बे’ असेलच असं नाही. तिथे असेल ‘ठाणा’, ‘साल्सेट’, ‘कान्हेरी’, किंवा तलावांची जुनी नावं: ‘व्हेहार’, ‘टुल्सी’. तुम्ही ऑनलाइन संग्रहात ‘मुंबई’ किंवा ‘बोरिवली’ टाकून शोधलंत आणि शंभर वर्षांपूर्वीचं काहीच मिळालं नाही, तर त्याचा अर्थ तेव्हा इथे कुणी पाहिलंच नव्हतं असा नाही. शब्द चुकीचा होता, एवढाच.

तलावांवरून आठवलं. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये, पवई १८९१ मध्ये. तिन्ही माणसांनी बांधलेले. आज तिथे मगरी आहेत. मगर ही भारतातली मूळची रहिवासी, त्यात वाद नाही. पण उपनगरातलं तिचं आजचं घर फार तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं. तेव्हा ‘स्थानिक प्राणी’ असं लिहिताना स्वतःला विचारा: कुठपर्यंतच्या भूगोलात स्थानिक, आणि कधीपासून?

नोंदी सुधारल्या त्या १८८३ नंतर. त्या वर्षी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. सहा युरोपीय आणि दोन आपले डॉक्टर, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. १८८६ पासून तिचं जर्नल निघू लागलं. रेल्वे, जंगल, लष्कर, महसूल खात्यातली माणसं आपापल्या गावाहून बारीकसारीक टिपणं पाठवू लागली. त्यामुळे ‘बॉम्बे’च्या जागी ठिकाणांची खरी नावं छापली जाऊ लागली. फ्रँक वॉल यांची भारतातल्या सापांवरची मालिका याच जर्नलमध्ये १९०५ पासून अनेक वर्षं चालली. पुढे सोसायटीच्याच जे. सी. डॅनियल यांनी पश्चिम भारतातल्या उभयचरांची ओळख करून देणारे लेख लिहिले आणि १९८३ मध्ये भारतीय सरीसृपांवरचं पुस्तक. आपल्या पिढीच्या बऱ्याच याद्या या दोन खांबांवर उभ्या आहेत. म्हणूनच त्या वाचताना त्या काळची नावं आजच्या नावांशी जुळवून घ्यावी लागतात.

मग एवढं खोदायचं कशासाठी?

हा प्रश्न तुम्हाला तोंडी परीक्षेत नक्की विचारतील, म्हणून उत्तर तयार ठेवा.

आरेची पाल ‘कोल्लेगालची’ होती तोपर्यंत तिच्याबद्दलचा युक्तिवाद सोपा होता. ही जात दक्षिणेपर्यंत पसरलेली आहे. इथल्या चार टेकड्या गेल्या तरी जात जाणार नाही. नाव सुटं झालं आणि पसारा आक्रसला. ती केवळ आरेत सापडते असं कुणी म्हणत नाही, पश्चिम भारतात ती इतरत्रही आहे. पण तिच्या भवितव्याचा विचार करताना कोल्लेगालकडे बोट दाखवायची सोय मात्र संपली. चुकीचं मोठं नाव हे छोट्या प्राण्यावरचं पांघरूण असतं. त्याखाली काय हरवतंय ते दिसत नाही.

आणि जागेचंही तसंच असतं. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या त्या परिसराचं नाव ‘आरे मिल्क कॉलनी’. पलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, अलीकडे ‘दुग्धवसाहत’. झाडं, ओढे, साप, बेडूक या रेषेच्या दोन्ही बाजूंना. मेट्रो कारशेडच्या वादात ‘आरे हे जंगल आहे का?’ हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. कारशेड कुठे हवी होती यावर तुमचं-माझं मत काहीही असो. संशोधक म्हणून आपला मुद्दा एवढाच: अशा वेळी दोन्ही बाजूंचे लोक यादी मागतात. इथे काय काय राहतं, कुणी पाहिलं, कधी पाहिलं, पुरावा काय. त्या दिवशी यादी बनवायला बसता येत नाही. ती दहा वर्षं आधी, कुणाच्या तरी नीट लिहिलेल्या चिठ्ठ्यांमधून तयार व्हावी लागते.

तुम्ही सुरुवात कुठून कराल?

पहिलं, तुमच्या परिसरातली एकच जात घ्या. दहा नको. तिचं आजचं मान्य नाव ‘रेप्टाइल डेटाबेस’वर किंवा उभयचर असेल तर अमेरिकन म्युझियमच्या ‘अ‍ॅम्फिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड’वर तपासा. तिथे जुनी नावं आणि टाइप लोकॅलिटी दोन्ही मिळतात. फुकट आहे.

दुसरं, मूळ वर्णन वाचा. जुनी बरीच नियतकालिकं ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर स्कॅन केलेली आहेत. कुणीतरी उद्धृत केलंय म्हणून पुढे उद्धृत करत जाऊ नका. मूळ पानावर ‘बॉम्बे’ आहे की ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’, हा फरक तीन जणांनी नक्कल केल्यावर हमखास गळतो.

तिसरं, ते ठिकाण त्या वर्षीच्या नकाशावर शोधा, आजच्या नव्हे. कुठला इलाखा, कुठला जिल्हा, त्याच नावाचं दुसरं गाव आहे का? ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर जवळ ठेवा. गावांची, डोंगरांची, तलावांची जुनी स्पेलिंगं तिथे सापडतात.

चौथं, ‘नाही’ आणि ‘सापडलं नाही’ यांत फरक करा. देवगांडूळ, वाळा, खापरखवल्या असे जमिनीखाली राहणारे प्राणी दिवसा रस्त्याने चालून दिसत नाहीत. तुमच्या यादीत ते नसतील तर किती रात्री, कुठल्या महिन्यात, किती तास शोधलं ते लिहा. नुसतं ‘आढळत नाही’ लिहिणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणं.

पाचवं, मराठी नावं टिपा, पण त्यांच्यावरही तोच नियम लावा. एकाच सापाला उपनगरात एक नाव, पालघरला दुसरं. कुणी, कुठल्या पाड्यावर, कशाला म्हटलं ते लिहिल्याशिवाय ते नाव पुढच्या माणसाच्या उपयोगाचं नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेतल्या वारली पाड्यांवरच्या लोकांना जे माहीत आहे त्यातलं फारच थोडं कुठल्या जर्नलमध्ये आलंय.

आणि हो, प्राणी उचलायचा नाही. नमुना गोळा करणं, हाताळणं यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनविभागाची लेखी परवानगी लागते. सुरुवातीला फोटो आणि नोंद भरपूर आहे. फक्त ती नोंद अशी लिहा:

‘आरे कॉलनी, गोरेगाव (पूर्व), मुंबई उपनगर जिल्हा, महाराष्ट्र. अक्षांश-रेखांश अमुक. समुद्रसपाटीपासून उंची अमुक. तारीख, रात्री किती वाजता. पालापाचोळ्यात, ओढ्यापासून किती अंतरावर. पाहणाऱ्याचं नाव. ओळख कुणी पटवली, कशावरून.’

पाच-सहा ओळी, लिहायला फार तर चार मिनिटं. उद्या जिल्ह्याचं नाव बदलेल, आरेचं बदलेल, त्या पालीचं तर पुन्हा एकदा नक्कीच बदलेल. अक्षांश-रेखांश आणि तारीख तेवढी जागेवर राहील. शंभर वर्षांनी कुणी विद्यार्थी ती उघडेल, तेव्हा त्याला ‘म्हणजे नेमकं कुठे?’ असं विचारावं लागू नये.